घंटी मास्तरांची

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसानं उभा जन्म एवढी धूड बस अरुंद गल्ल्यांतून ओरखडा न उठवता बाहेर काढली, त्याला स्वतःची बायको खुर्चीतून कशी उठवायची हे कुणी शिकवायला हवं का? मी लेकीला फोनवर हेच विचारलं. लेक म्हणाली, "हवं."

नुसतं एवढ्यावर थांबली असती तर ती आमची लेक कसली! "बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही आणि आई न्हाणीघराच्या फरशीवर बसून होता. शेजाऱ्यांना कडी तोडून आत यावं लागलं."

"पडलो नव्हतो आम्ही. बसलो होतो. उठता येत नव्हतं, इतकंच."

"तेच म्हणतेय मी. हॉस्पिटलात घरच्या माणसांसाठी वर्ग चालतो, तिथं जायचं. महिनाअखेरीच्या रविवारी मी येणार आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. जमत असलं तर ठीक. नाहीतर आईची बॅग भरायची आणि माझ्याकडे न्यायची."

मी फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलं. ती गेली तर या घरात मी करू काय? भिंतींशी भांडू?

माझी बायको कंडक्टर होती. आमच्या डेपोत कंडक्टरला मास्तर म्हणायचे, बाई असली तरी मास्तरच. आमची ड्यूटी एका गाडीवर लागली, मग भांडणं झाली, मग लग्न झालं, मग त्याच गाडीवर पुन्हा भांडणं चालू राहिली. ती मला नावानं कधी हाक मारायची नाही. ड्रायव्हर म्हणायची, चारचौघांतसुद्धा. दोघं रिटायर झालो, आता निवांत बसू म्हटलं, तर तिला मेंदूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं.

म्हणजे अगदी सगळं गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, जी वाक्यं माणूस रोजच्या रोज बोलत आलेला असतो, ती कधीकधी जिभेवर तशीच राहून जातात. आता आमच्या मास्तरांच्या जिभेवर काय राहिलं असेल? "पुढे सरका." "सुट्टे द्या." "कोण राहिलंय?" पाणी हवं असलं तरी सुट्टे द्या, ऊन लागलं तरी सुट्टे द्या. मोठे डॉक्टर तपासायला वाकले, तर त्यांनाही "पुढे सरका." डॉक्टर बिचारे खरंच सरकले.

तर गेलो वर्गाला. तोंड एवढंसं करून गेलो. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, दोन खाटा, चाकाच्या खुर्च्या, भिंतीला आरसा. शिकवायला फिजिओथेरपीवाली मुलगी, आमच्या लेकीपेक्षाही लहान. आणि विद्यार्थी कोण, तर सासूचं करणाऱ्या सुना, मुलाचं करणारे बाप, नवऱ्याचं करणाऱ्या बायका. सगळ्यांचे चेहरे न झोपलेले.

त्या मुलीनं सगळ्यांत आधी काय विचारावं? "तुम्ही कसे आहात?"

माझ्या शेजारी एक शिंपीणकाकू बसल्या होत्या. उंची जेमतेम खिडकीच्या कठड्याएवढी. त्या लगेच म्हणाल्या, "बरं आहे, काल पोट साफ झालं." पलीकडचे गृहस्थ म्हणाले, "ताप उतरलाय, आज थोडं खाल्लं." मी म्हणालो, "बीपी कंट्रोलमध्ये आहे."

मुलगी आमच्याकडे बघत राहिली. "अहो, मी तुमचं विचारलं."

मग काकूंना हसू फुटलं, त्यांच्या मागोमाग आम्हा सगळ्यांना. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "बाई गं, माझं पोट! त्याचं काय सांगू, कुणी विचारलंच नव्हतं." मला ती खोली तिथंच आवडायला लागली, पण मी तसं दाखवलं नाही.

मग तिनं मला खुर्चीत बसवलं. म्हणाली, "काका, आता तुम्ही पेशंट. काकू तुम्हाला उभं करणार."

"या?" मी म्हणालो. "यांना मी खिशात घालून फिरवीन."

काकूंनी माझ्या कमरेला रुंद पट्टा बांधला. माझे पाय मागे घ्यायला लावले, मला पुढे वाकवलं, इतकं की नाक गुडघ्यांच्या पुढे गेलं. "आता उठा," म्हणाल्या, आणि पट्ट्याला नुसता हात लावला. मी उभा! जोर माझाच लागला होता, त्यांनी फक्त वाट दाखवली होती. मी उगाच खोकलो आणि म्हणालो, "ठीक आहे, वाईट नाही."

पुढच्या खेपेला आपापल्या माणसाला घेऊन यायचं होतं. मास्तर नीट तेल लावून, भांग पाडून आल्या. सगळ्यांसमोर माझी पाळी आली. आता दाखवतोच यांना, म्हणून मी तिच्या काखांत हात घातले आणि हिसका दिला. तशी ती ताठ झाली, मागे रेलली आणि डाव्या, चांगल्या हातानं माझ्या खांद्यावर एक चापट मारली. मी पुन्हा जोर केला. पुन्हा एक चापट. दोघंही धापा टाकत खुर्चीत कोसळलो, मी जवळजवळ तिच्या मांडीवर.

"काका," मुलगी म्हणाली, "त्या तुम्हाला मारतात का नेहमी?"

"मारतात म्हणजे? उचलायला गेलं की मारतेच. झटका आल्यापासून चिडकी झालीय."

"दर वेळी एकदाच मारतात?"

माझा हात आपोआप खांद्यावर गेला. अहो, एक घंटी! एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. साऱ्या नोकरीत मी हिच्या दोन घंट्यांशिवाय गियरला हात लावला नाही. कोण चढतंय, कुणाचा पदर दारात अडकलाय, सगळं तिला मागून दिसायचं, आणि तिनं सांगितल्याशिवाय गाडी हलायची नाही. आणि झटका आल्यापासून ही बाई रोज माझ्या खांद्यावर थांबा-थांबा अशी घंटी देत होती, आणि मी गाढव गाडी दामटत होतो!

मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, "मास्तर, चुकलं. घंटी द्या."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की आत्ता पडला का उजेड! मग सावकाश डावा पाय मागे घेतला. उजवा मी घेतला. पुढे वाकली, थांबली, श्वास घेतला. आणि माझ्या खांद्यावर टप, टप. मी पट्ट्याला हात लावला आणि आमच्या मास्तर उठून उभ्या राहिल्या. आरशात स्वतःला बघितलं, सगळ्या वर्गाकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पुढे सरका!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! काकू तर रडायलाच लागल्या. मीही रडलो असतो, पण पट्टा धरलेला होता.

त्यानंतर आमच्या घरात बससेवा पुन्हा सुरू झाली. सकाळी मी पुकारायचो, "पुढचा स्टॉप न्हाणीघर!" टप, टप. "पुढचा स्टॉप खिडकी!" शेजारी भिंतीपलीकडून ओरडायचे, "काका, आमच्या दारात थांबते का ही गाडी?" मास्तर आत खुदुखुदू हसायच्या. वॉकर धरून चार पावलं टाकायला लागल्या. फिजिओवाल्या मुलीनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. मास्तर शब्द शोधत असल्या की मध्ये तोंड घालायचं नाही, वाट बघायची. माझ्यासारख्याला हे बस उलटी चालवण्यापेक्षा अवघड, पण तेही जमवलं.

एकच गोष्ट मी ऐकली नाही. वर्गात पद्धत होती की एकमेकांना सुट्टी द्यायची. काकूंना शिवलेले कपडे पोचवायला जायचं असलं, की मी जाऊन त्यांच्या सासूबाईंजवळ बसायचो. आम्ही त्याला बदली म्हणायचो, डेपोतल्यासारखं. म्हातारी मला पत्त्यांत सपाटून हरवायची. पण काकू म्हणाल्या, आता मी तुमच्याकडे येते, तर मी म्हणायचो, छे छे, मला कशाला बदली? मी ठणठणीत आहे. आणि कमरेतून कळ निघाली की पाठ फिरवून उभा राहायचो, म्हणजे मास्तरांना तोंड दिसू नये.

तो रविवार आला. लेक आली, हातात मोठी रिकामी बॅग. मी मिशीवर हात फिरवला आणि म्हणालो, "बस तिथं. बघ."

पाय मागे. पुढे वाकणं. टप, टप. मास्तर उठल्या, वॉकर धरला, पलंगापासून जेवणाच्या टेबलापर्यंत चालत आल्या आणि मागे न बघता खुर्चीत बसल्या. लेकीनं तोंडावर हात घेतला. हसत होती, रडत होती, काय करत होती तिचं तिला माहीत. "आई!" एवढंच म्हणाली. आई म्हणाली, "सुट्टे द्या," आणि तिचा गालगुच्चा घेतला.

जिंकलो, म्हटलं! त्या आनंदात मी चहा केला, तीन कप टेबलावर मांडले. चमचा खाली पडला. तो उचलायला वाकलो आणि कमरेत अशी काही चमक भरली की वर येताच येईना. चार पायांवर तसाच, रांगणाऱ्या पोरासारखा.

"बाबा!"

"काही नाही, चमचा शोधतोय."

"चमचा तुमच्या हातात आहे."

लेकीनं मला कसंबसं पलंगापर्यंत रांगत नेलं, आडवं केलं. मग उभी राहिली, डोळे पुसले आणि बॅग उचलली. आवाज मऊ होता, पण निर्धार पक्का. "बाबा, तुम्ही खूप केलंत. मला कबूल आहे. पण तुम्ही असे पडलात तर आईला कोण बघणार? मी आईला नेते."

खोटं काय बोलत होती ती?

टेबलावर थाड! एक घंटी. मास्तरांनी डाव्या हातानं कप हादरवले होते. "थांबा," त्या म्हणाल्या. मग तोंड हलवायला लागल्या. शब्द यायचा, ओठांशी अडायचा. लेक म्हणाली, "काय हवंय आई? पाणी? औषध? तुला यायचं नाहीये का?" मी हात वर करून तिला गप्प केलं. वाट बघायची म्हणजे बघायची.

बराच वेळ गेला. मग आलं. "ड्रायव्हर... बदला."

जन्मभराची सोबत, आणि बाईनं भर सभेत कामावरून काढलं! पण तिचं बोट आधी माझ्याकडे आलं. "हा... दमला." मग बोट लेकीकडे गेलं. "तू... चालव. इथं."

म्हणजे पाठ फिरवून उभा राहायचो ते सगळं हिला दिसत होतं. मागून बघायचीच सवय तिला! मी ज्या गोष्टीची लाज बाळगत होतो, ती तिनं कितीतरी आधीच ओळखून ठेवली होती. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आपण दमलोय हे आपल्याला न विचारता कुणालातरी ठाऊक आहे, यासारखं सुख नाही हो.

लेकीनं बॅग टेबलाखाली सरकवली आणि ऑफिसला फोन लावला, आठवडाभर रजा हवी म्हणून. दुसरा फोन माझ्या मोबाइलवरून शिंपीणकाकूंना; बदलीचे किस्से मी तिला आधीच रंगवून सांगितले होते. "काकू, यापुढे बाबांना बदली मिळणार. तुमचे वार सांगा, मी माझे सांगते." काकूंचं "अगं, कधीची वाट बघतेय!" मला पलंगावरून ऐकू आलं. मी "अरे पण" म्हणालो, त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मग मास्तरांना खुर्चीतून उठवायची वेळ झाली. लेकीनं पट्टा बांधला. उलटा बांधला.

"अगं, बकल पुढे घे," मी पडल्या पडल्या ओरडलो. "पाय मागे! आईचे नाही, आधी तुझे नीट ठेव. काखेत हात नको घालू! वाकव, वाकव. घंटीची वाट बघ. गुडघा... अगं, गुडघा सांभाळ..."

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि ती बाई, जिला पाणी मागता येत नव्हतं, न अडखळता, एका दमात म्हणाली, "गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये."

लेक हसता हसता पट्टा सोडणार होती, आईनंच तिला धरलं. मी तोंडावर पांघरूण ओढलं. हसलं की कंबर दुखत होती आणि हसू काही थांबत नव्हतं.