पलंगामागची भिंत

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. ज्याने हे म्हटलं त्याने मला चर्च सजवताना पाहिलेलं नसणार. पडद्यांच्या दुकानात मी बावीस वर्षं शिवणकाम करते. उरलेली कातरणं, फाटकी जाळी, चुकीच्या मापाने कापलेले पडदे मालक मला फुकट देतो, कारण ते टाकायलाही त्याला माणूस लावावा लागतो. तेवढ्यावर मी आमच्या चर्चमधली गरिबांची लग्नं सजवते. खांबांना जाळीच्या चुण्या, बाकांच्या टोकांना सुक्या फांद्या, फांद्यांना चुन्याचा हात, जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत उरलेल्या मेणबत्त्या. पाहुणे विचारतात, केवढ्याला पडलं? मी सांगते, विचारू नका, घेरी येईल.

यात जादू काही नाही. सजावट समोरून करायची असते, बाकावर बसलेल्याला दिसतं तेवढीच. मागे टाचण्या, पुठ्ठे, लोंबणारे दोरे असले तरी कुणाच्या बापाचं काय जातं? वेदीमागच्या भिंतीला तीन वर्षांपासून ओल आहे. तिथे मी छतापासून जमिनीपर्यंत पांढरा पडदा सोडला, आणि आता फादरसुद्धा ती ओल विसरले आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझी ही लबाडी एकाच माणसाला पुरती ठाऊक होती. बटणला. बटण म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वय वर्षं सहा. नाव चांगलं ठेवलं होतं, पण रांगत असताना तिने माझ्या शिवणाच्या डब्यातलं बटण गिळलं आणि ते बाहेर येईपर्यंत आम्ही दोघी बहिणी दोन दिवस जीव मुठीत धरून बसलो. तेव्हापासून बटणच. मी चर्चमध्ये काम करत असले की ही पडद्यामागे शिरायची आणि आतून बातम्या द्यायची. "मावशी, इथे कोळी आहे. मावशी, इथे भिंत ओली आहे, वास येतोय."

"गप, समोर ये," मी म्हणायचे.

बहीण गेल्या वर्षी गेली. लहानपणापासून तिची छाती नाजूक होती. शेवटचे काही आठवडे तिला आडवंच होता येत नव्हतं, उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायची. श्वास घेताना आत कुणीतरी शिट्टी वाजवतंय असा आवाज यायचा. तो आवाज मी कधी विसरणार नाही. बटणचा बाप ती जन्मायच्या आधीच परागंदा झालेला. म्हणून सरकारने तिला बालगृहात ठेवलं आणि मी अर्ज केला की मूल माझं आहे, मला द्या.

अर्ज केला की घराची पाहणी होते. पाहणीच्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा माझी एक खोली आणि तिच्याआडचं स्वयंपाकघर त्यांनी दोन मिनिटांत पाहून संपवलं. बाई वाईट नव्हत्या, हाच वैताग होता. रागवायला जागाच ठेवली नाही त्यांनी.

"मुलीला स्वतःचा पलंग हवा, स्वतःचा कोपरा हवा," त्या म्हणाल्या. "इथे सगळं तुमचं आहे. तिचं काय आहे? मी पुढच्या सोमवारी तिला घेऊनच येते. त्या दिवशी काय ते ठरवू."

"आणि नाही जमलं तर?"

"एक जोडपं तिला घ्यायला तयार आहे. लांब राहतात, पण घर मोठं आहे. बागही आहे."

बाग. माझ्या खिडकीतून समोरच्या गोदामाचा पत्रा दिसतो.

पलंगाला जागा करायची तर कपाट हलवायला हवं होतं. मी आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी मिळून ते सरकवलं. कपाटामागची भिंत पाहून वहिनी म्हणाल्या, "अगं बाई." खालपासून कमरेपर्यंत भिंत काळी पडली होती. गिलावा फुगला होता, बोट लावलं की पिठासारखा गळत होता. हात टेकवला तर तळवा ओला झाला.

आमच्या चर्चला येणारा एक गवंडी आहे, त्याला बोलावलं. त्याने भिंतीवर ठोकून पाहिलं, कान लावला आणि डोकं हलवलं.

"शेजारच्या घराचा नळ आहे आत. फुटलाय. भिंत उघडून नळ बदलायचा, मग गिलावा काढून दोन महिने वाळू द्यायची. घरमालकाला सांग."

"सांगितलं. बघू म्हणाला."

"मग झालं कल्याण."

"रंग मारला तर?"

"पंधरा दिवसांत पुन्हा काळी. आणि हे काळं दिसतंय ना, हे श्वासात जातं. पोरीची छाती कशी आहे?"

"आईसारखी," मी म्हणाले. खोटं बोलायला हवं होतं, पण ते सुचलं नाही.

तो हत्यारं पिशवीत भरू लागला. जाता जाता म्हणाला, "ताई, वाईट वाटून घेऊ नकोस. चर्चची ती भिंत तू झाकलीस, म्हणून ती तशीच राहिली. फादरना दिसलीच नाही तर ते मला कशाला बोलावतील? तुझी सजावट बघून लोक वाहवा करतात आणि आत विटा कुजतात."

"तुला काम मिळालं नाही म्हणून पोटात दुखतंय," मी म्हणाले. तो हसला नाही.

घरमालकाकडे मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्याने दारच उघडलं नाही, आतून टीव्हीचा आवाज मात्र येत होता. दुसरी खोली भाड्याने बघावी तर मागतील ती अनामत रक्कम माझ्याकडे सात जन्मांत जमली नसती. स्वयंपाकघर कोरडं होतं, पण तिथे शेगडी, आणि शेगडीजवळ मुलाला झोपवता येत नाही असा नियम बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितला होता. पलंग दुसऱ्या भिंतीला लावावा तर एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची वाट आणि तिसरीकडे माझं शिवणयंत्र, ज्याच्यावर माझं पोट. तेही हलवून पाहिलं. पलंग बसेना. मापं घेऊन घेऊन टेप झिजायची वेळ आली. दुकानात मी पडदे उलटे शिवले, मालकाची बोलणी खाल्ली, आणि बुधवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मागच्या बोळात उभी राहून रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं. मला दुसरं काही येतच नाही. मला झाकता येतं.

शनिवारी चर्चमध्ये एक लग्न होतं. ते सजवताना माझं निम्मं लक्ष नवरीकडे आणि निम्मं जाळीकडे, की ही उतरवून नेली तर घरी किती पुरेल. रविवारी मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, संपल्यावर सगळं गुंडाळून आणलं. आधी भिंतीवर प्लास्टिकचा कागद ठोकला, म्हणजे ओल वर यायला नको. त्यावर जाड अस्तर, त्यावर फिकट पिवळा पडदा, त्यावर जाळी. टाके इतके बारीक घातले की माझेच मला दिसेनात. चर्चच्या मोडक्या बाकाच्या फळ्या फादरांनी जळणासाठी काढल्या होत्या, त्यांचा वहिनींच्या भावाने पलंग करून दिला. खोक्यांचे पुठ्ठे कापून मी त्यांची घरं केली, खिडक्यांसह, आणि ती पडद्यावर रांगेने शिवली. जुन्या वहीच्या कागदांची फुलं. आणि सगळीकडे बटणं, माझ्या डब्यातली झाडून सगळी बटणं, फांदीवर पानांसारखी. पलंगावर कातरणांची गोधडी.

काम संपल्यावर मी दारात जाऊन उभी राहिले आणि खोली पाहिली. खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर मी चर्चमध्येही कधी केलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले आणि देवाला म्हणाले, एवढा एक दिवस निभावून ने. पुढचं मी बघते. घरमालकाच्या दारात धरणं धरीन, रात्री पोरीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसेन, काहीही करीन. फक्त उद्याचा दिवस.

सोमवारी अकरा वाजता त्या दोघी आल्या. बटण उंच झाली होती. पाच महिन्यांत बालगृहाने तिचे केस आखूड कापले होते आणि तिला "नमस्कार" म्हणायला शिकवलं होतं. तिने मला नमस्कार केला. मला. मग तिची नजर माझ्यामागे गेली आणि तोंड उघडंच राहिलं.

बाईसुद्धा दारात थबकल्या. "हे तुम्ही केलंत?" त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत?"

"घरातल्याच वस्तू आहेत," मी म्हणाले.

बाईंनी पलंगाचा पाय हलवून पाहिला, खिडकी उघडून पाहिली. मग माझ्या शिवणयंत्राजवळच्या स्टुलावर बसल्या आणि मांडीवर कागद उघडला. "मी मागच्या वेळी जरा कडक बोलले," त्या म्हणाल्या. "इतकी मेहनत मोठ्या घरांतही बघायला मिळत नाही. मला तर काही हरकत दिसत नाही." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तोवर बटण बूट काढून पलंगावर चढली होती. एकेक बटण मोजत होती, "हे तुझ्या हिरव्या कोटाचं, हे आईचं." आणि मग तिने तेच केलं जे ती नेहमी करायची. पडद्याची कड शोधली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत. मी पाहत राहिले.

तिने हात बाहेर काढला आणि नाकाशी नेला. "मावशी, इथे चर्चसारखा वास येतोय."

बाई लिहिता लिहिता हसल्या. "वा, चर्चसारखा." त्यांना वाटलं, पोर कौतुक करते आहे.

तेवढ्यात बटण खोकली. एकदा, मग दोनदा. मग तिने श्वास आत घेतला आणि मला तो आवाज ऐकू आला. बारीक होता. बाईंना ऐकू गेला नाही, दुसऱ्या कुणालाच गेला नसता. ती शिट्टी ओळखायला उशांना टेकवलेल्या बहिणीच्या उशाशी बसून रात्री काढाव्या लागतात.

बाईंचं पेन कागदाच्या तळाशी पोहोचलं होतं. मी गप्प राहिले असते तर पोर माझी होती. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि ते मला उभ्या जन्मात इतकं अवघड कधी गेलं नव्हतं.

"थांबा," मी म्हणाले. "सही करू नका."

पलंग ओढून पुढे घेतला, बटण त्यावर बसलेली असतानाच. पडदा वरच्या कोपऱ्यात धरला आणि सगळ्या वजनानिशी खाली खेचला. जाळी, अस्तर, पुठ्ठ्याची घरं सगळं एकदम आलं. बटणं फरशीवर उडाली. शेवटी प्लास्टिकचा कागद सोलला, तेव्हा त्याच्या आत साठलेलं पाणी माझ्या चपलेवर सांडलं. काळं आता छातीपर्यंत चढलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाई उभ्या राहिल्या. भिंतीला बोट लावलं, गिलावा गळून खाली पडला.

"हे तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"होतं. नळ फुटलाय आत. दोन महिने लागतात वाळायला, आणि मालक दार उघडत नाही."

"मला हे लिहावं लागेल. त्याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना?"

"कळतोय. लिहा लवकर, नाहीतर मी तुमच्या हातातून कागद ओढून घेईन." मग मला राहवलं नाही. "ते जोडपं दोन महिने थांबेल का? विचाराल त्यांना?"

"विचारीन," बाई म्हणाल्या. माझ्या दंडाला त्यांनी हात लावला, आणि त्या स्पर्शावरूनच मला उत्तर समजलं. त्यांनी आधीची ओळ खोडली आणि खाली चार ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते विचारायची माझी छाती झाली नाही.

बटण पलंगावरून उतरली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी स्वतःच बूट घालू लागली. बालगृहातल्या मुलांना निघायचं कधी ते बरोबर समजतं. डावा बूट उजव्या पायात घातला, काढला, पुन्हा घातला. मी खाली बसून नाडी बांधली.

"मी खोकले म्हणून का?" तिने हळूच विचारलं.

"नाही गं राणी. तुझं काही चुकलेलं नाही. भिंत खराब आहे, म्हणून. तू मला हवी आहेस, म्हणून."

तिला यातलं काय समजणार होतं? मलाही कुणी असं सांगितलं असतं तर पटलं नसतं. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग बाईंच्या कागदाकडे. "आता नाही खोकणार," ती म्हणाली.

तिने ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले आणि श्वास धरला. बाईंनी तिचा हात धरला तेव्हाही धरलेलाच होता. दारातून बाहेर पडताना ती मान वळवून माझ्याकडे बघत राहिली, बघ, मला जमतंय, अशा डोळ्यांनी. चेहरा लाल होत चालला होता. जिन्याच्या वळणावर ती दिसेनाशी झाली तरी मी कठड्यावरून वाकून खाली सांगतच होते, "श्वास घे, बटण. श्वास घे गं."