लेकीच्या घरचा चहा

माझी जीभ आमच्या गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. एक म्हणजे तिला हाड नाही. समोर सरपंच असो की सासरा, जे आहे ते तोंडावर. आणि दुसरी गोष्ट, चव. लग्नाच्या पंगतीला वरणाचा पहिला चमचा मला चाखवल्याशिवाय आचारी पातेलं खाली उतरवत नाही. चहाचा एक घोट घेऊन मी सांगते, दूध म्हशीचं की गाईचं, आणि पाणी गवळ्यानं घातलं की घरच्या बाईनं. आमचे हे, चुडामण, म्हणतात, "सुनंदे, तुह्या जिभेपायी कोनी आपल्याले चहाले बोलावत नही." नाही बोलावत तर नाही! माझं काय अडलंय?

आमची केळीची बाग रावेरपासून चार किलोमीटरवर. एकच लेक, मोहिनी. ती धुळ्याला दिलेली. जावई हितेंद्र तिथे एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला, माणूस मवाळ, गायीसारखा. लग्नाला नऊ वर्षं झाली. मूल नाही.

आता आमच्यातला नियम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. नातवंडाचं तोंड बघितलं की मग पोटभर जेवा. आजकाल कोण पाळतं, असं तुम्ही म्हणाल. आमचे हे तर दुसऱ्याच वर्षी तिच्याकडे शेवभाजी ओरपून आले, वर ढेकर देत मला सांगितलं. मी पाळत होते. कारण माझ्या डोळ्यांसमोर माझी नणंद कोकिळा होती. तिच्या घरी माझ्या सासूनं उन्हात आल्या आल्या ग्लासभर ताक घेतलं, आणि महिन्याच्या आत कोकिळाचं चार महिन्यांचं पोटातलं गेलं. नंतर तिची कूस उजवलीच नाही. त्या ताकाचा त्याच्याशी काय संबंध, हे मलाही कळतं हो. मी काही अडाणी नाही, दहावी झालेय. पण कळणं वेगळं आणि लेकीच्या बाबतीत जिवाची परीक्षा बघणं वेगळं.

म्हणून नऊ वर्षं मी धुळ्याला जायची ती डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. मोहिनी गरम पोळ्या लाटायची, मी तिच्यासमोर बसून सकाळची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकर खायची. पहिली दोन-तीन वर्षं ती हसायची. "आई, निदान मीठ तरी घे माझं." मी म्हणायची, "नातू दे, मंग पातेलं चाटून पुसून देते." त्या बोलण्यावर आम्ही दोघी हसायचो. नंतर नंतर ती हसेनाशी झाली. मी मात्र तेच बोलत राहिले.

या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मोहिनी माहेरी आली नाही. आमच्याकडे आखाजीला लेक आली नाही म्हणजे घराला कुलूप लावल्यासारखं. गल्लीतल्या सगळ्या पोरी आल्या, झोके बांधले, गाणी म्हटली. मी फोनवर तिला नको नको ते बोलले. "धुयाचं पानी लागलं तुले. मायबाप मेले असं समज." ती म्हणाली, "बरं वाटत नाहीये गं." मी म्हटलं, "बरं वाटत नही तं माहेरी बरं वाटते." आणि फोन ठेवून दिला. असा माझा राग.

पुढे दीड महिन्यानं तिचाच फोन आला. आवाजात किती दिवसांनी हुरूप! म्हणाली, "आई, मी एक नवीन उद्योग काढलाय. फळांचा चहा. आंबा, अननस, पपई, फणस आणि आपलं केळं. फळं वाळवते, बारीक करते आणि चहाच्या पत्तीत मिसळते. दूध नाही, साखर नाही. पाच प्रकार केलेत. पण जीभ तुझी पाहिजे."

"चहात केळं?" मी म्हटलं. "अवं माय, केळ्याचे वेफर ऐकले, भाजी ऐकली. चहात कोन घालते केळं? पुड्या करून एस्टीत दे पाठवून, चाखते मी."

"नाही," ती म्हणाली. "माझ्या घरी. माझ्या हातचा. उद्याच ये."

मी नियमाचं काढणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "चाखणारे लोक चहा पीत नाहीत आई. तोंडात घोळवतात आणि थुंकतात. मी मोबाइलवर बघितलंय. भांडं ठेवीन तुझ्यासाठी. मग तर झालं?"

झालं की! मला तर आनंदच झाला. थुंकायचं म्हणजे पोटात काही जाणार नाही. नियमही राहील आणि पोरीचं मनही. यांनी विचारलं, "इतकी घाई काय हाये तिले?" मी म्हटलं, "धंदा हाये, घाई राहीनच." मला खरंच तेवढंच वाटलं.

सकाळची एस्टी धरली. फैजपूर, भुसावळ, जळगाव करत दुपारी धुळ्याला पोचले. मोहिनी दारातच उभी होती. वाळली होती पोरगी. गाल आत गेलेले, पण डोळ्यांत काजळ घातलेलं आणि साडी ठेवणीतली. मी म्हटलं, "चहा चाखायचा का बारसं हाये?" ती कसंनुसं हसली. माझी ही जीभ!

टेबलावर पांढऱ्या पाच कपबश्या मांडल्या होत्या. बाजूला स्टीलचं भांडं, थुंकायला. हितेंद्र घड्याळ धरून उभा, पत्ती मुरायची चार मिनिटं झाली की सांगायला. जणू बोर्डाची परीक्षा.

"आई, आवाज करून ओढायचा. फुर्रर्र करून. हवा गेली की चव कळते."

"सारा जन्म माह्या सासूनं आवाज करू नको म्हनून सुनावलं," मी म्हटलं, "आन् आता लेक म्हनते फुर्र कर." हितेंद्र हसला. मी बशीत ओतून फुर्र केलं.

पहिला आंब्याचा. वास असा की वैशाखात कोणी आढी उघडली. पण तोंडात काही नाही. थुंकले. "नाकाले सोन्याचा, जिभेले पितळेचा," मी म्हटलं. मोहिनीनं वहीत लिहिलं. दुसरा अननसाचा, आंबट आणि मागून दात शिवशिवले. थुंकले. तिसरा पपईचा. "हा चहा नही व, काढा हाये. तापात देशीन तर रोगी उठून पयीन." फणसाचा तर वासच इतका दांडगा, की पत्ती कुठं गेली पत्ता नाही. तोही थुंकला. प्रत्येक वेळी मी भांड्यात थुंकले, की मोहिनी वहीत बघायच्या आधी भांड्याकडे बघायची. मला वाटलं, टाकाऊ माल मोजतेय.

मग केळ्याचा.

काय सांगू! रंग मधासारखा. मी ओढला आणि जिभेवर आमची बाग आली. पिकल्या घडाचा गोडवा होता, पण त्याच्याआड किंचित भाजल्याचा खरपूस वास, आणि शेवटी चहाचा कडूपणा नेमका येऊन उभा राहायचा. केळं पुढं पुढं करत नव्हतं, चहाही मागं हटत नव्हता. इतकं नेमकं तिला कोणी शिकवलं? मी डोळे मिटले. आणि गिळला. एक घोट, मग दुसरा, मग बशी रिकामी.

डोळे उघडले तर मोहिनी माझ्या गळ्याकडे बघत होती.

"गिळलास," ती म्हणाली. "आई, तू गिळलास!"

लहानपणी शाळेतून नंबर आणला की जशी बघायची, तशी बघत होती. डोळ्यांतलं काजळ पाझरायला लागलं. "अवं माय! कोनी शिकवलं व तुले हे?" मी म्हटलं. "एकच कर. केळं अजून दोन दिवस पिकू दे, मंग वाळव. साऱ्या जळगाव जिल्ह्यात असा चहा नही." ती लहान पोरीसारखी हसायला लागली. हितेंद्राला म्हणाली, "ऐकलं? आईनं गिळला." तोही डोळे पुसायला लागला, वेडा.

आणि त्याच क्षणी मला नियम आठवला. मी लेकीच्या घरचं पोटात घातलं होतं. कोकिळाचा पांढरा पडलेला चेहरा समोर आला. माझ्या एका बशीपायी माझ्या मोहिनीचं तसं झालं तर? नऊ वर्षं सांभाळलं आणि आज चवीच्या लालचेनं घालवलं! जुन्या बाया यावर तोड सांगतात. मोल द्यायचं. पैसे ठेवले की खाल्लेलं लेकीचं राहत नाही, विकतचं होतं.

मी पिशवीतून शंभराची नोट काढली आणि बशीखाली सरकवली.

मोहिनीचं हसणं थांबलं. तिनं नोटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे काय?"

"असू दे," मी म्हटलं. "तुह्याच भल्यासाठी. बाळ व्हयल्यावर दुप्पट वसूल कर माह्याकडून."

हितेंद्र पटकन पुढं झाला. "मामी, राहू द्या—" पण मोहिनीनं त्याला हातानं अडवलं. खुर्चीवर बसली. आवाज चढवला नाही. तिनं माझ्यासारखा तरी चढवायचा!

"आई, बाळ होणार नाही," ती म्हणाली. "माझी पिशवी काढली. गाठी होत्या, रक्त थांबत नव्हतं. आखाजीच्या आठ दिवस आधी."

आखाजीच्या आठ दिवस आधी. म्हणजे मी फोनवर मायबाप मेले समज म्हणाले, तेव्हा ती टाक्यांवर पडून होती.

"मले सांगितलं काहून नही?" मी ओरडले. मला दुसरं काही येतंच नाही, दुखलं की ओरडते.

"सांगणारच होते. आज," ती म्हणाली. "पण आधी बघायचं होतं. बाळ झाल्यावर तू खाशील, हे मला नऊ वर्षं माहीत होतं. आता होणारच नाही म्हटल्यावर तू कधीच खाणार नाहीस का, एवढंच बघायचं होतं. तुला कळायच्या आधी. कळल्यावर तू कीव करून प्यायली असतीस. गिळलास तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी गिळलास."

मी काय केलं असेल? त्या उरलेल्या कपाला झडप घातली. म्हटलं, "आन तो. सारा पिते. पाची पिते. नोट घे ती, फाडून टाक." इतक्या घाईनं उचलला, की अर्धा चहा साडीवर सांडला. मोहिनीनं माझ्या हातातून कप अलगद काढून घेतला. "राहू दे आई. गार झाला." "गारच पिते!" मी म्हटलं. तिनं पाची कप ट्रेमध्ये ठेवले आणि आत नेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मग ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि मला जवळ घेतलं. मी तिला घ्यायचं, तर तिनं मला घेतलं. मी रडले, तिनं पाठीवरून हात फिरवला. ती नाही रडली.

घरी येऊन यांना सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणाले, "मी खाल्लं होतं व तिच्या घरी. मी तरी खाल्लं होतं." एवढंच. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलायला पाहिजे होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले. या वेळी डबा घेतला नाही, बाटली घेतली नाही. एस्टीत घसा कोरडा पडला, तरी थेंब प्यायले नाही. ठरवलं होतं, पहिलं पाणी लेकीच्या माठातलं. दारातूनच म्हटलं, "मोहिनी, पानी आन. आन् मंग तो केळ्याचा चहा ठेव, कपभर नही, भांडंभर."

तिचा धंदा बरा चालला होता. बैठकीत खोकी रचलेली. आता केळ्याचा एकच प्रकार करते, दोन दिवस जास्त पिकवून. तिनं मला बसवलं, पंखा लावला, तब्येत विचारली, भाऊंचे गुडघे कसे आहेत विचारलं. वडिलांना ती भाऊ म्हणते. हितेंद्राशी आत काहीतरी हळूच बोलली. तो चपला घालून बाहेर गेला.

थोड्या वेळानं तो आला. एका हातात थंड पाण्याची विकतची बाटली, दुसऱ्या हातात कोपऱ्यावरच्या टपरीवरचा चहा, पिशवीत बांधलेला. मोहिनीनं बाटलीचं झाकण स्वतः फोडून दिलं. चहा कागदी कपात ओतला, तोही टपरीवरचाच. आपल्या घरची बशीसुद्धा खाली ठेवली नाही.

"अवं, मले तुह्या हातचा पाहिजे," मी म्हटलं. "मी नियम सोडला. देवाशपथ सोडला."

"माझ्यासाठी कशाला सोडतेस?" ती म्हणाली. "मला आता काही वाटत नाही, आई. खरंच."

रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते, पाया पडले असते, स्वयंपाकघरात घुसून स्वतः आधण ठेवलं असतं. पण ती खरं बोलत होती. तिला काही वाटत नव्हतं. माझी काळजी घ्यावी तशी घेत होती, पाहुण्यांची घेतात तशी. मग तिनं आत जाऊन दोन कप आणले, एक हितेंद्राचा, एक तिचा. केळ्याचा वास खोलीभर पसरला. आम्ही तिघं एका टेबलाशी बसलो. ती दोघं त्यांचा चहा प्यायली. मी माझा प्यायले.