नारायणराव आणि विहिरीतला हात

नारायणराव हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले आणि परंड्यातल्या एका लहानशा वाचनालयाचे अध्यक्ष होऊन बसले, तेव्हापासून तिथल्या वाचकांचे हाल सुरू झाले. कुणी भुताचं पुस्तक मागितलं, की ते त्याच्या हातात एखाद्या थोर माणसाचं चरित्र ठेवायचे. एखाद्या मुलीनं प्रेमकथा मागितली, की तिच्या वडिलांची खुशाली विचारायचे. आणि रहस्यकथा मागणाऱ्याकडे तर असे बघायचे, जसा काही खून त्यानंच केलाय. वाचनानं माणूस घडला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माणसं मात्र घडायला तयार नव्हती. ती चरित्र निमूट घरी न्यायची आणि न उघडता परत आणून द्यायची.

शेवटी त्यांनी फर्मानच काढलं. वाचनालयातले सगळे खून, सगळी भुतं आणि सगळी लफडी पोत्यांत भरायची आणि तेरखेड्याला रद्दीत धाडायची. तेरखेड्यात फटाके होतात आणि फटाक्याची नळी वळायला जुना कागद लागतो. निदान त्यांचा आवाज तरी होईल, असं ते समितीच्या बैठकीत म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर एकटेच हसले.

ग्रंथपाल गुरुप्रसाद सांगितलेल्या कामाला चोख होता. त्यानं कपाटंच्या कपाटं उपसली. जुन्या कृषी अहवालांच्या मागं, जिथं कुणाचा हात जायचं कारणच नव्हतं, तिथूनही त्यानं एक पुस्तक ओढून काढलं. मुखपृष्ठावर काळी विहीर आणि तिच्यातून वर आलेला हात. हे इथं कुणी लपवलं असेल, असं त्यानं भाबडेपणानं विचारलं. नारायणरावांनी घसा खाकरला आणि असेल कुणीतरी नालायक, म्हणाले. पुस्तक पोत्यात गेलं आणि पोतं टेम्पोत.

तो नालायक म्हणजे खुद्द नारायणराव. गुरुप्रसाद दुपारी जेवायला घरी गेला, की हे आतून कडी लावून वाचत बसायचे. गावच्या कंपाउंडरचा खून झाला होता, पाच जणांवर संशय होता आणि नेमका शेवट तेवढा वाचायचा राहिला होता. आता त्यांना अन्न गोड लागेना. भाजीत मीठ बरोबर आहे का, असं बायकोनं विचारलं, तर हे म्हणाले, सावकाराचा पुतण्याच असणार. दुसरी प्रत शोधावी, तर कुणाला विचारायचं आणि कोणत्या तोंडानं? आपल्याच फर्मानानं आपला घात केला, याची त्यांना मनस्वी चीड आली. अखेर एका सकाळी त्यांनी टोपी चढवली, येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला जातो असं घरी सांगितलं, बार्शीला गाडी बदलली, देवीला येरमाळ्याच्या स्टँडवरूनच हात जोडले आणि पुढची गाडी धरून तेरखेड्याला उतरले.

फटाक्यांचा कारखाना मुजीब नावाच्या तरुणाचा होता. फाटकावरच त्यानं नारायणरावांचा मोबाइल काढून घेऊन खिळ्याला टांगलेल्या पिशवीत टाकला. आत मोबाइल न्यायला बंदी होती. एक मौल्यवान चरित्र चुकून रद्दीत आलं आहे, असं नारायणरावांनी सांगितलं. मुजीब हसला. चरित्रं आली असती तर त्याला हवीच होती. बायका मधे न थांबता भराभर नळ्या वळतील, असलं काहीतरी पाठवा की सर, म्हणाला.

मागच्या शेडमधल्या बायकांना, सर एक चरित्र शोधायला आलेत, असं सांगून त्यानं नारायणरावांना आत सोडलं आणि तिथं त्यांना त्याचा अर्थ कळला. फटाक्याच्या दारूचं काम पलीकडच्या वेगळ्या खोल्यांत चालायचं; इथं नुसता कागद आणि चिकटवायच्या खळीची बादली. आठ-दहा बायका पोत्यांवर बसल्या होत्या आणि त्यांचा एक पक्का नियम होता. पान वाचल्याशिवाय वळायचं नाही. एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी वाचून झालेली पानं वळायची. आज मात्र सगळ्यांचे हात थांबले होते. मधोमध कमलबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीखाली काही पानं दाबलेली होती. शेजारी मुखपृष्ठ पडलं होतं. विहीर आणि हात.

नारायणराव नकळत दोन पावलं पुढं सरकले.

पैज चालली होती. खुनी कोण ते प्रत्येकीनं सांगायचं, मगच शेवट उघडायचा आणि हरणारीनं भजी आणायची. त्यांच्यातल्या सायराबीला खरं तर या खूनबाजीत रस नव्हता. तिला प्रेमकथा आवडायच्या, कारण घरी ती रुसली तर चहासुद्धा कुणी विचारत नाही आणि पुस्तकात रुसलेल्या बाईसाठी माणूस पाच-पन्नास पानं झुरतो. कमलबाईंना भुतं आवडायची. इथं दिवसभर दारूच्या शेजाराला बसायचं, ते भय आपल्या हातात नसतं. पुस्तकातल्या भुताला कसं, पान मिटलं की घरी पाठवता येतं. पण खुनी कोण, यावर मात्र दोघींचं एकमत होतं. खुनी हेडमास्तर.

"का?" नारायणरावांच्या तोंडून निघून गेलं.

"लई शिकवतोय समद्यास्नी," कमलबाई म्हणाल्या. "जो उठता-बसता दुसऱ्याला शिकवतो, त्याचं कायतरी झाकलेलं असतंय."

नारायणरावांनी गप्प राहायचं ठरवलं. ते जमलं नाही. हेडमास्तर त्या दिवशी तालुक्याला गेले होते, ते तावातावानं सांगू लागले. कोटाच्या खिशात तिकीट सापडलं होतं. शिवाय विहिरीवरची चप्पल डाव्या पायाची होती आणि हेडमास्तर बूट घालायचे, हे पहिल्याच प्रकरणात आलंय. उलट सावकाराच्या पुतण्याचं बघा, असं म्हणून त्यांनी बोटांवर मोजत एकेक पुरावा मांडला.

"गुर्जी," सायराबी हळूच म्हणाली, "तुमी तर चरित्र शोधाया आलता न्हवं?"

सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. खोटं बोलायला आता जागाच उरली नव्हती. नारायणराव एका रिकाम्या पोत्यावर खाली बसले आणि त्यांनी सांगून टाकलं. त्यांच्या शाळेची पितळी घंटा चोरीला गेली होती. सगळ्यांवर संशय घेतला, शिपायाला रडवलं, पोरांना झोडपलं, पण चोर काही मिळाला नाही. निवृत्त झाले तरी ती घंटा डोक्यातून जाईना. पुस्तकात मात्र शेवटच्या पानापर्यंत थांबलं, की चोर सापडतोच. एवढ्यासाठी आपण ही पुस्तकं वाचतो, असं ते म्हणाले आणि त्यांना फार हलकं वाटलं.

कमलबाईंनी मांडीखालची पानं काढून त्यांच्या हातात दिली. "मग तुमीच वाचा. पर पैज लावून."

नारायणरावांनी पुतण्यावर लावली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. तिकीट दुसऱ्याचंच होतं. चप्पल मुद्दाम ठेवलेली होती. पुतण्या बिचारा निर्दोष सुटला आणि पोलिसांनी हेडमास्तरांच्या दंडाला धरलं. ते मॅट्रिक नापास होते आणि एवढंच कंपाउंडरला कळलं होतं. त्यांच्या कबुलीचं वाक्य वाचताना नारायणरावांचा आवाज उतरला: "गावात माझं हसं झालं असतं."

"आरं मग होऊ द्यायचं की हसं," कमलबाई पुस्तकातल्या हेडमास्तरांवर वैतागल्या. "त्यापायी माणूस मारायचा व्हय?"

नारायणराव आधी वरमले आणि मग इतके हसले, की टोपी खळीच्या बादलीत पडता पडता वाचली. मुजीबकडून त्यांनी भजी मागवली. मग फाटकावर जाऊन पिशवीतला मोबाइल काढला आणि गुरुप्रसादला फोन लावला. अजून किती पोती शिल्लक आहेत, ते विचारलं. आता एकच, तेही आज टेम्पोत चढतंय, तो म्हणाला. ते उतरवून कपाटात लाव आणि त्याच्या बदल्यात नळ्या वळायला चरित्रं पाठव, असं त्यांनी सांगितलं. गुरुप्रसाद गोंधळला. समितीला कारण काय सांगायचं?

"सांग, ती पुस्तकं अध्यक्षांना वाचायचीत म्हणून. वाचून झाली की मी स्वतः इथं आणून देणार आहे. इथल्या बायकांना वाचायला चरित्रं आवडत नाहीत."

पलीकडे गुरुप्रसादनं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "सर, रागावू नका. अजून एक पोतं हाय. आमच्या घरी, पलंगाखाली. भुतांचं. मला वाचाया भ्या वाटतं, म्हणून आई वाचून दाखवती."

नारायणरावांनी शेडकडं पाहिलं. भजी आत पोचली होती आणि कमलबाईंनी नवं पुस्तक उघडलं होतं.

"असू दे तुझ्याकडंच," ते म्हणाले. "फक्त शेवट मला सांगू नको."