बाजेखालचा विस्तव

"बाजेखालची शेगडी काढा हो, इंदूबाई. लोंबतं कापड आपल्याला दिसत नाही, विस्तवाला बरोबर दिसतं."

भिवपुरीच्या वीजघराच्या चाळीत शेजारच्या विमलबाईंनी हे सांगितलं, तेव्हा इंदू ओली बाळंतीण होती. अंगावर गोधड्या, कुशीत मैना, बाजेखाली ओवा-शेपा टाकलेली निखाऱ्यांची शेगडी आणि वारं लागू नये म्हणून दाराच्या फटींत चिंध्या. पुण्याच्या कॉलेजात शिकलेली पोर, पण हसून म्हणाली, "अहो, माझी आई अशीच निजली, आजी अशीच निजली. काही होत नाही."

झालं नाही खरंच काही. फक्त सव्वा महिन्यानं गोधडी उन्हात घातली, तेव्हा तिचा एक कोपरा करपून कडक झालेला दिसला. त्या दिवसापासून कुठं धूर दिसला की इंदू हातातलं टाकून बघायला धावायची. चूल विझवली तरी ती राख चाचपून बघायची. नवरा थट्टा करायचा, "वीजघरात नोकरी माझी, आणि झटका बसल्यासारखी तू!"

पुढच्या मार्गशीर्षात तिची धाकटी जाऊ ठकी कडावला बाळंत झाली. ठकीला माहेर उरलं नव्हतं, म्हणून सगळं सासरीच. इंदू मैनाला काखोटीला मारून पोचली, तर सासूनं, आनंदीबाईंनी, तिला खोलीच्या उंबऱ्याशीच अडवलं. सोयर होतं. सुईण सोडून कुणी बाळंतिणीला शिवायचं नाही.

इंदूनं तिथूनच आत पाहिलं. महायुद्ध चालू असल्यानं रॉकेल मिळत नव्हतं, भर दुपारी त्या बिनखिडकीच्या खोलीत उजेड तेवढा शेगडीचा. आणि त्या शेगडीवर, बाजेच्या काठाला, बाळाची लंगोटं वाळत घातलेली.

"आत्याबाई, शेगडी बाजूला सरकवू या. शेक तर लागेलच, पण—"

"आली सायबीण!" आनंदीबाई म्हणाल्या. "सगळी पोरं याच बाजंवर काढली मी. शेक नाय लागला नि तिची कंबर धरली, तर लावणीला तू येशील का गं वाकायला?"

आतून ठकी खिदळली. "बाय, एवढी काळजी हाय तर बसा की बाजंखाली राखणीला!"

"बरं, निदान आतून कडी तरी लावू नकोस गं ठके."

"कडी नाय लावली तर कुत्री शिरतात. नि तुमीपण!"

सासू-सुना दोघीही हसल्या. ठकीनं उठून दार लोटलं आणि कडी घातली. तो आवाज इंदूला आवडला नाही.

गडीमाणसं खळ्यावर भात झोडायला गेली होती. आनंदीबाई अंगणात पाखडत होत्या, इंदू ओट्यावर मैनाला पाजत होती. तेवढ्यात आत काहीतरी पडलं आणि ठकी ओरडली. हाक नव्हती ती, जनावर कापताना ओरडतं तसा आवाज होता. दाराखालून धूर आला.

इंदूनं मैनाला ओट्यावरच्या तांदळाच्या सुपात टाकलं, कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि दारावर घातलं. आनंदीबाईंनी मागून तिचा अंबाडा धरला. "दार नको फोडू गं! बाळंतिणीला वारा लागंल!" इंदूनं मागं न बघता कोपर हाणलं. म्हातारीच्या नाकाचं रक्त सुपातल्या तांदळावर आणि मैनाच्या अंगड्यावर उडालं. पुन्हा मुसळ. पुन्हा. फळी चिरफाळली. इंदूनं आत हात घालून कडी काढली, हाताची सालपटं निघाली.

ठकी उभी होती. पाठीमागून लुगडं पेटलेलं, केस पेटलेले, पोट घट्ट बांधलेलं म्हणून धड वाकताही येईना. पोराला मात्र तिनं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरलं होतं.

इंदूनं पोर हिसकावलं आणि म्हाताऱ्या सासूच्या अंगावर फेकलं. मोकळी झालेली ठकी तिला धडकून अंगणात पळाली. वारा लागताच ज्वाळा तिच्या डोक्यावर गेल्या. इंदूनं तिचे पाय धरून तिला तोंडघशी पाडलं, तिच्यावर स्वतःला झोकून दिलं आणि तिला धुळीत लोळवलं. ठकी चावत होती, बोचकारत होती. इंदूचे तळहात लुगड्याला चिकटले.

"पाणी! पाणी ओता!"

कुंपणाशी शेजारची जयवंता भरली घागर घेऊन उभी होती. "सोयर हाय ना... प्यायचं पाणी हाय, बाटंल..."

"मेल्ये, ओत!" इंदूनं एक हात ओढून सोडवला आणि दगड उचलून तिच्याकडं भिरकावला. तो घागरीवर खणकन बसला, तेव्हा कुठं बाईनं पुढं येऊन ती ओतली.

ठकीला बैलगाडीतून कर्जतच्या डॉक्टरकडं नेलं. पाठीची कातडी गोणपाटाला लागून राहिली. बारशाच्या आदल्या दिवशी ती गेली. तिचं पोर इंदूनं मैनाबरोबर पाजून जगवलं.

गावात बोलणं झालं, सटवीनं बाळंतीण नेली. शेगडीचं नाव कुणी काढलं नाही. आणि दोन घरं सोडून शकू बाळंत झाली, तेव्हा तिच्याही बाजेखाली निखारे आले.

इंदू पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्यांच्या दारात गेली. शकूच्या सासूनं तिला ढकलून ओट्याखाली पाडलं. "अपशकुनी! एक खाल्लीस, आता आमची खायाला आलीस?"

इंदू उठायच्या आत तिच्या अंगावरून कुणीतरी ओलांडून गेलं. आनंदीबाई होत्या. नाक अजून सुजलेलं. सोयर-बियर न बघता त्या थेट खोलीत शिरल्या आणि अनवाणी पायानं शेगडीला लाथ मारली. निखारे अंगणात उधळले. शकूची सासू केरसुणीनं त्यांना मारू लागली. आनंदीबाईंनी हात आडवा केला नाही.

"मार गं, मार," त्या म्हणाल्या. "पर एक आयक. माजी सून सटवीनं नाय नेली. मी नेली. हीच शेगडी मी ठेवली व्हती."

केरसुणी थांबली. आत शकूनं पोराला छातीशी घेतलं आणि स्वतःच लोंबणारी गोधडी वर ओढली.

त्या हिवाळ्यात दोघी सासू-सुना कडावच्या घरोघर फिरल्या. कुठं शेगडी भिंतीशी गेली, कुठं यांच्यावर कुत्रं सोडलं. सगळ्या घरांपर्यंत त्या काही पोचू शकणार नाहीत. म्हणून हे वाचणाऱ्या तुमच्याकडं इंदूचं मागणं आहे. तुमची लेक, भावजय, शेजारीण, कुणीतरी आत्ता दार लावून निजलेली असेल. विटाळ मानत असाल तर नंतर आंघोळ करा. पण आज जा, कडी काढायला लावा, आणि खाली वाकून तिच्या बाजेखाली बघा.