पुसलेल्या आवाजाखाली

फळीवर धूळ खात बसलेला मी एक टेपरेकॉर्डर. आज कुणी बटण दाबलेलं नाही, तरी बोलतो आहे. मी शिकलेलो नाही. अक्षर कसं दिसतं तेही मला माहीत नाही. कानावर पडलं तेवढं धरून ठेवलं, बस. म्हणून सावकाश सांगतो.

माझा पहिला मालक कामठीच्या छावणीतला एक फौजी साहेब. त्याची बदली झाली आणि मी धरमपेठेत इंदुताईंकडे आलो. एकाहत्तर साल असेल. शाळेतून निवृत्त झालेल्या इंदुताई पुढच्या खोलीत इंग्रजी बोलायचा क्लास घेत. येणाऱ्यांना इंग्रजी लिहिता यायचं, पण तोंड उघडलं की हापिसातले साहेब लोक हसायचे.

बाईंची एक पद्धत होती. दर शनिवारी प्रत्येकानं तोच उतारा माझ्यासमोर बोलायचा, मग स्वतःचा आवाज ऐकायचा. पुढच्या शनिवारी त्याच फितीवर, त्याच जागी पुन्हा बोलायचं. नवा आवाज जुन्याला पुसून टाकी. "जुना ठेवायचा नाही," बाई म्हणत. "ठेवला की माणूस परत त्याच्याकडे जातो."

माणसांचं मला नवल वाटे. स्वतःचा आवाज ऐकला की जो तो मान खाली घाली. जसा काही गावाकडचा कुणी नको त्या वेळी दारात येऊन उभा राहिला.

त्र्याहत्तरात प्रेमिला आली. कामठीची. वडील गोपाळराव पावरलूमवर कामाला. घराला लागूनच माग, त्या खडखडाटात सगळे ओरडूनच बोलायचे. पोरगी मॅट्रिक झालेली, टायपिंग चांगलं. रामदासपेठेतल्या एका कंपनीत टेलिफोनवर बसायची जागा होती. तिथला साहेब म्हणाला होता, बोलणं सुधारून तीन महिन्यांनी ये.

पहिल्या शनिवारी ती बोलली, "गुड मॉर्निंग! प्लीज होल्ड द लाइन!" आवाज मोजणारा माझा काटा टोकाला जाऊन आपटला.

औषधं विकणारे नत्थूजी बाजूला बसले होते. "अवं, तुले टेलिफोन काहून पाह्यजे? कामठीहून हाक मार, रामदासपेठेत ऐकू येते!"

"तुमचं तं डॉक्टरसमोर तोंडच उघडत नाही म्हन्ते, नत्थूभाऊ," प्रेमिला म्हणाली. "मी ओरडते तरी!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "प्रेमिला, घरीही हळू बोलायचं. मराठीसुद्धा. नाहीतर बस कामठीला पोचेपर्यंत सगळं सांडतं."

तिनं ऐकलं. दर शनिवारी थोडी थोडी कामठी कमी होत गेली. बाराव्या शनिवारी काहीच उरलं नाही. नोकरी लागली. संत्रा बर्फी घेऊन आली, बाईंच्या पाया पडली. तिची फीत बाईंनी नव्या मुलांना ऐकवायला जपून ठेवली.

मग कंपनीनं तिला मुंबईच्या हापिसात नेलं. तीन वर्षांनी परतली ती एका दुपारी सरळ बाईंकडेच.

"बाई, बाबांना आता दिसत नाही. मी जवळ बसते, भरवते. ते विचारतात, 'तुमी कोन आहा बाई? माही प्रेमिला कधी येईन?'"

"अगं, मग पहिल्यासारखं बोल."

"बोलले. तर बाबा रागावले माझ्यावर. म्हणाले, 'माह्या पोरीची नक्कल काहून करून राहिली?'" तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझा पहिला आवाज आहे का हो यात?"

"तो तर पुसला गं," बाई हळूच म्हणाल्या.

इथं मला कबूल केलं पाहिजे. फौजी साहेबाकडे असल्यापासूनच माझा पुसायचा भाग झिजलेला. वरून कितीही बोला, खाली थोडं राहायचंच. वर्गाच्या गलक्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बाईंनी फीत लावली, आवाज पूर्ण मोठा केला. आधी स्वच्छ, मऊ "गुड मॉर्निंग". मग मधल्या शांततेत, फार खालून, विहिरीतून यावं तसं कुणी ओरडलं. "गुड मॉर्निंग!"

प्रेमिलानं दाराची चौकट धरली.

मला मांडीवर घेऊन ती बसनं कामठीला गेली. खाटेवर बसलेल्या गोपाळरावांनी माझ्या जाळीला कान लावला. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. वरचा आवाज त्यांनी परक्यासारखा ऐकून घेतला. खालचा आला आणि तोंड उजळलं. "आली! माही पोरगी आली! एवढ्या दुरून काहून बोलून राहिली वं?"

"बाबा, मीच. ही काय मी." तिनं त्यांचा हात धरला.

त्यांनी तो हात थोपटला, पाहुण्याचा थोपटावा तसा. "तुमी लय चांगल्या आहा बाई. तिले सांगा ना, जवळ ये म्हना."

बाईंनी मला तिच्याकडेच राहू दिलं. त्यानंतर रोज ते मला लावायला सांगत. कोणता माग बंद पडला, कुणाच्या घरी पोर झालं, सारं मला सांगत. "जेवली काय वं?" विचारत. मी म्हणे, "प्लीज होल्ड द लाइन."

"काय म्हन्ते ती?"

"थांबा म्हणते, बाबा," प्रेमिला सांगे.

"थांबतो ना, पोरी."

सात महिने थांबले. एका सकाळी माझी फीत फिरत असतानाच गेले. फीत संपून टोक फटफट आपटत राहिलं, तरी प्रेमिला उठली नाही.

आता चौऱ्याऐंशी साल आहे. प्रेमिला रामदासपेठेच्याच हापिसात टेलिफोनवाल्या मुलींची मुख्य आहे. तिच्या बोलण्याला कुणी हसत नाही. रविवारी ती फळी पुसते, मला पुसते, बटणाला बोट लावत नाही. लाइट जाऊन आली की माझ्या पोटात बारीक घरघर होते. तेव्हा तिचं फडकं जागीच थांबतं.

पोरी, तुझ्या बापाची माया मी मागितली नव्हती. ती चुकून माझ्याकडे आली. एक दिवस माझ्यासमोर बस. उतारा नको म्हणू. जमेल त्या आवाजात बोल, मी ते जुन्याच्या वर टिपून घेईन. खालच्या पोरीला मला पुसता येत नाही. ती अजून तशीच मोठ्यानं ओरडते आहे. बाबा गेले, हे तिला कुणीच सांगितलेलं नाही.