खालून टाकलेला चेंडू

“धरा तिला! बॉल आला की सरळ धरा, बाकी डोकं लावू नका!”

पिवळ्या जर्सीतली पिंकी असं ओरडली आणि तिच्या संघातल्या दोघींनी सायलीला खरोखरच धरलं. एकीनं कोपर, एकीनं कंबर. शिट्टी वाजली. धरणाऱ्या दोघी हसत बाजूला झाल्या. जिला धरलं होतं तिच्याच तोंडचं पाणी पळालं.

बास्केटबॉलमधला न्याय हा असा आहे. ज्याच्यावर अन्याय होतो, त्यालाच भरपाई म्हणून परीक्षेला बसवतात. रिंगसमोर आखलेल्या रेषेवर एकट्यानं उभं राहायचं, कुणी आडवं येत नाही, आणि चेंडू आत टाकायचा, दोन वेळा. याला फ्री थ्रो म्हणतात. नावात फुकट असलं तरी सायलीला ही गोष्ट कॉलेजपासून महागात पडत आली होती.

सायली पाच फूट अकरा इंच. रिंगखाली तिच्या हातात चेंडू गेला की तिला अडवणं कठीण, म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या संघांनी एक सोपा उपाय काढला होता: तिला अडवूच नका. धरा आणि रेषेवर पाठवा. तिथं ती स्वतःच स्वतःला हरवते. एकोणीस वर्षांच्या पिंकीला हे कुणी सांगितलं कोण जाणे. अशा गोष्टी पिढ्यानपिढ्या टिकतात.

गंमत म्हणजे सायलीचे हात कापायचे ते फक्त त्या रेषेवर. नाशिकरोडच्या एका खासगी हॉस्पिटलात ती सिस्टर आहे. सुकून गेलेल्या म्हाताऱ्यांच्या हातातली शीर तिला पहिल्या टोचणीत सापडते. पण तिथं कुणी बघत नसतं. पेशंट डोळे मिटून घेतो आणि नातेवाईक भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करतात. रेषेवर सगळे बघतात, आणि लोक बघायला लागले की काय होतं हे सायलीला लग्नाच्या वयापासून ठाऊक होतं. पाहायला आलेली मंडळी ती बसलेली असेपर्यंत मोकळेपणानं बोलायची. कपबशा उचलायला ती उभी राहिली की मुलगा छताकडे बघायचा, मुलाची आई मुलाकडे, आणि बोलणं हवापाण्यावर जायचं. पुढे स्थळं येणंच थांबलं. सायलीनं त्यांना फार आठवणीत ठेवलं नाही.

आता तेहेतिसाव्या वर्षी एक वेगळं स्थळ आलं होतं. नाशिकच्या नावानं मुलींचा व्यावसायिक संघ निघाला होता. खेळण्याबद्दल पगार आणि सामने टीव्हीवर. सायलीच्या पिढीला खेळण्याबद्दल दोन केळी आणि प्रमाणपत्र मिळायचं, आणि प्रमाणपत्रावर नाव चुकलेलं असायचं. वयाची अट पस्तीस होती. म्हणजे दार तिच्यासाठी उघडलं, ते बंद व्हायच्या बेतात असताना. “घरी कार्य आहे,” असं हॉस्पिटलात सांगून ती निवड चाचणीला आली. हे अगदीच खोटं नव्हतं.

सकाळी सामन्याआधी ‘माइंडसेट’वर व्याख्यान झालं. मुख्य प्रशिक्षक दीपक सर, पांढरे बूट, कानात काहीतरी अडकवलेलं, पडद्यावर चित्रं दाखवत होते. एक सिंह. एक गरुड. एक माणूस डोंगरावर हात पसरून उभा. “व्यावसायिक खेळाडू आणि गल्लीतला खेळाडू यांत फरक फक्त मनाचा,” सर म्हणाले. “जग काय म्हणेल याचा विचार ज्यानं सोडला, तो प्रोफेशनल. लिहून घ्या.” मुलींनी लिहून घेतलं. सिंह फ्री थ्रो कसा टाकतो, हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

सायलीनं लिहून घेतलं नाही. तिचा विचार महिन्याभरापूर्वीच झाला होता, आणि तो घराच्या बांधकामावर झाला होता.

वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाल्यावर कॉलनीतलं क्वार्टर सुटलं आणि त्यांनी जवळच घर बांधलं. वडील गेले, घर राहिलं. या वर्षी वरचा मजला बांधायला काढला. एके दिवशी बिगारी आला नाही. गवंडी समाधान वर परांचीवर रिकाम्या हातानं बसलेला. तेव्हा सायलीच्या आईनं, लताबाईनं, पदर खोचला आणि खालून विटा फेकायला सुरुवात केली. दोन्ही हातांत वीट, गुडघे जरासे वाकलेले, हात मांड्यांच्या मधून झोक्यासारखे वर. लग्नाआधी आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं लताबाईनं हेच काम केलेलं. वीट वर जायची, समाधानच्या छातीशी आल्यावर तिचा जोर सरायचा, आणि समाधान नुसती बोटं मिटायचा.

“मावशी, हात अजून बसलेलाय तुमचा,” समाधान वरून म्हणाला.

“गप ऱ्हा. कुणाला सांगू नको,” लताबाई म्हणाली.

सुट्टीवर असलेली सायली शेजारी उभी राहिली आणि तिनंही फेकायला घेतलं. पहिली वीट समाधानच्या डोक्यावरून गेली. तो वाकला आणि शिवी गिळून हसला. मग हळूहळू बसलं. दहा-बारा विटांनंतर सायलीच्या लक्षात आलं, आपल्याकडे बघत असलेला माणूस समोर आहे, वीट चुकली तर त्याचा कपाळमोक्ष आहे, आणि आपले हात कापत नाहीयेत.

संध्याकाळी ती वीज केंद्राच्या कॉलनीतल्या जुन्या कोर्टावर गेली आणि चेंडू तसाच फेकला. दोन्ही हातांनी, खालून. चेंडू उंच गेला, सावकाश उतरला, रिंगच्या कडेवर टेकला आणि जरा विचार करून आत पडला. वरून फेकलेला चेंडू कडेवर आपटून दूर उडायचा. हा आपटत नव्हता. ती अंधार पडेपर्यंत फेकत राहिली.

घरी सांगितल्यावर लताबाई भाकरी थापता थापता थांबली.

“तू तिथं लोकांसमोर तसं फेकनार?”

“नियमात बसतं, आई.”

“नियमाचं नाय ईचारत मी. अगं मी विटा फेकल्या त्या तुला फेकाय लागू नये म्हनून. विहारात वंदनेला आलेल्या बाया ईचारत्यात, लेक काय करती? मी सांगते, सिस्टर हाय. पांढरे कपडे घालून जाती. आन् तू आता टीव्हीवर बिगाऱ्यावानी…”

“मी वीट नाही फेकत. बॉल फेकते.”

“लोकांना बॉल नाय दिसत. हात दिसत्यात.”

आईचं म्हणणं खरं होतं. भाकरी करपली. दोघींनी ती वाटून खाल्ली आणि त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. चाचणीच्या दिवशी मात्र लताबाई डबा घेऊन सोबत आली. “एकटी कशाला जाती,” एवढंच म्हणाली आणि स्टेडियममध्ये सगळ्यात वरच्या रांगेत, दाराच्या जवळ बसली. ओळखीचं कुणी दिसलंच तर उठून जाता येईल, अशा बेतानं.

तर आता सायली रेषेवर उभी होती. तिनं चेंडू दोन्ही हातांत धरला, गुडघे वाकवले आणि हात खाली नेले.

आधी कुणाला कळलंच नाही. कुणाला वाटलं तिची बुटाची नाडी सुटली. मग चेंडू वर गेला, आत पडला, आणि हसण्याचा मोठा लोट आला.

“ताई, विहिरीतनं पाणी काढताय का?” पिंकी म्हणाली.

“नाही गं, बाळाला झोका देतायत!” दुसरी.

आणखी एका मुलीचे वडील वर बसले होते. त्यांना हालचालीची नेमकी पारख होती. ते शेजाऱ्याला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अरे ही तर स्लॅबवर विटा पोचवतेय!” या विनोदाला सगळ्यांत जास्त दाद मिळाली. वरच्या रांगेत लताबाईनं डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरली.

सायलीनं दुसरा चेंडू घेतला. तिच्या कानापर्यंत सगळं आलं होतं. कान गरम झाले, मान गरम झाली. खांद्यापर्यंत येऊन ती धग थांबली. हात गार होते. तिनं हात खाली नेले, आधीपेक्षा जरा जास्तच सावकाश, ज्यांना नीट दिसलं नसेल त्यांच्यासाठी. चेंडू आत.

त्यांनी तिला पुन्हा धरलं. ती पुन्हा रेषेवर गेली. पुन्हा हसले, पण कमी. पुन्हा धरलं. एकदा चुकला, तेव्हा टाळ्या पडल्या. सायलीनं मान तुकवून त्या स्वीकारल्या आणि पुढचा टाकला. हळूहळू हसण्यातली गोडी गेली. ज्या गोष्टीनं आपण हरतोय तिला फार वेळ हसता येत नाही. शेवटी पिंकीच ओरडली, “ए, सोडा तिला! धरू नका, सोडा!” मग सायली रिंगखाली मोकळी फिरली आणि तिला जे येत होतं ते सगळं तिनं केलं.

सामना संपला. दीपक सर टॉवेल घेऊन स्वतः आले. हा मान फार थोड्या जणींना मिळाला.

“सायली, एक्सलंट. रिबाउंड, पोझिशन, सगळं मस्त. तुझं नाव मी पक्कं धरलंय.” मग त्यांनी आवाज खाली घेतला. “फक्त ते… ते फ्री थ्रोचं बदलावं लागेल.”

“का सर? जातात की.”

“जातात गं. जाण्याचा प्रश्नच नाही. पण टीव्ही आहे, प्रायोजक आहेत. लोक क्लिप काढतात, त्याच्यावर गाणी लावतात. टीमची इमेज म्हणून काही असते ना?”

“वरून टाकलं तर माझे जात नाहीत, सर.”

“नाही गेले तरी चालेल!” सर मनापासून म्हणाले. “चुकणं नॉर्मल आहे. चुकलेलं चांगलं दिसतं.”

सायलीनं टॉवेल खांद्यावर टाकला. सरांना तिच्याकडे बघायला मान वर करावी लागत होती.

“म्हणजे वरून टाकून हरलेलं चालेल, खालून टाकून जिंकलेलं नको?”

“असं काय वाकड्यात शिरतेस? बरं, हे बघ.” सरांनी खिशातून मोबाईल काढला. “मालकांना प्रत्येकीचा व्हिडिओ पाठवायचाय. एक फ्री थ्रो टाक, नीट, वरून. पडला नाही पडला, मी बघून घेतो. एकच. नंतर तुला काय करायचं ते आपण बसून ठरवू.”

असा सौदा कुणीही केला असता. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. सायली रेषेवर जाऊन उभी राहिली. मुली बाटल्या तोंडाला लावायच्या थांबल्या. सरांनी मोबाईल आडवा धरला आणि अंगठा वर केला. सायलीनं चेंडू डोक्याजवळ नेला, अगदी पुस्तकातल्यासारखा. सर हसले. कोपर नव्वद अंशात, बोटं पसरलेली. आणि तिचे हात कापायला लागले.

तिनं त्या हातांकडे जरा वेळ बघितलं. मग चेंडू खाली आणला. दोन्ही हातांत धरला, गुडघे वाकवले, आणि मोबाईलकडे सरळ बघत खालून फेकला.

जाळी हलली, आवाजही फारसा झाला नाही.

सरांनी मोबाईल खाली घेतला. घरंगळत आलेला चेंडू त्यांनी उचलला आणि काखेत दाबला. “ठीक आहे,” ते म्हणाले. “तुझी मर्जी. मी काही करू शकत नाही.” मग वळून मोठ्यानं, “चला, पुढची कोण आहे? पिंकी, ये.”

पिंकी दोन पावलं आली आणि थांबली. कारण सायली रेषेवरून हलली नव्हती. तिला आता काही मागायचं नव्हतं, भांडायचंही नव्हतं. ती नुसती उभी होती, पाच फूट अकरा इंच, आणि तिला ओलांडून पुढचं काही सुरू करता येत नव्हतं.

“सायली, प्लीज. बाजूला हो.”

“मावशी! ओ मावशी, चपला! लाकडी फ्लोअर आहे!” दारावरचा माणूस ओरडला.

लताबाई पायऱ्या उतरून कोर्टाच्या कडेशी आली होती. तिनं चपला काढल्या. जोडीनं नीट ठेवल्या, शेजारी डब्याची पिशवी ठेवली आणि अनवाणी त्या चकचकीत लाकडावरून चालत आली. विटांचा विनोद करणारे गृहस्थ पहिल्या रांगेत येऊन बसले होते. त्यांच्यासमोरून जाताना ती क्षणभर थांबली, त्यांना आपला चेहरा पुरता बघू दिला, आणि पुढे निघाली.

दीपक सरांच्या काखेतला चेंडू तिनं काढून घेतला, शेजारणीकडे राहून गेलेलं आपलं पातेलं परत घ्यावं तसा.  सरांच्या सिंह-गरुडाच्या चित्रांत हे नव्हतं.

तिनं चेंडू लेकीच्या हातात दिला. मग रिंगखाली गेली, वर जाळीकडे एकदा बघून घेतलं, पदर कमरेला खोचला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, “टाक.”