दीपगृहाच्या पायथ्याशी

इंदूबाईंनी विहिरीचा पोहरा कठड्यावर टेकवला आणि द्वारकाबाईंच्या पायांवर पाणी ओतलं. खोपोलीचे पाहुणे आले की आधी विहिरीपाशी, मग ओटीवर, ही त्यांची रीत इतक्या वर्षांनीही मोडली नव्हती. द्वारकाबाईंनी एका हाताने साडी वर धरली होती, दुसरा हात लेकीच्या खांद्यावर होता. पाणी ओघळून अळवात गेलं तरी त्यांनी पाय उचलले नाहीत.

"आणखी घालू का, वैनी?"

"नको गं. गार आहे."

"गारच असतंय. तुमच्या खोपोलीला नळाचं पाणी तापून येतंय."

इंदूबाईंनी दुसरा पोहरा ऋजुताच्या पायांवर ओतला. मग सवयीने तिसऱ्या पोहऱ्यासाठी दोर सैल सोडला, पोहरा अर्ध्यावर गेला, आणि त्या थांबल्या. रिकामाच पोहरा वर ओढून त्यांनी तो उपडा घातला.

"चला. चहा टाकते."

ऋजुताने तिकडे पाहिलं नाही. ती माडांच्या वरून दिसणाऱ्या टेकडीकडे बघत होती. टेकडीवर दीपगृह होतं. तिच्या आठवणीतल्या दीपगृहाहून ते बरंच बुटकं होतं. लहानपणी पाहिलेल्या गोष्टी मोठेपणी लहान दिसतात, हे तिने कितीदा वाचलं होतं. पण हे तसं नव्हतं. याचा आकारच वेगळा वाटत होता. आपण चुकीच्या गावी तर आलो नाही ना, असंही क्षणभर तिच्या मनात आलं. पण विहीर तीच होती, इंदूबाई त्याच होत्या.

नाना, ऋजुताचे वडील, दिवाळीच्या तोंडावर गेले. शेवटच्या दोन दिवसांत ते भलतंच काही बोलत. वीजघरातली माणसं, त्यांची नावं, पाळ्या. कर्जतच्या कॉलेजात शिकवून ऋजुता रोज दवाखान्यात येई आणि पलंगाशी बसून ऐकत राही. एका संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे नीट पाहिलं आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "वर वारा फार असेल. सांभाळून. चपला राहू देत इथंच, मी आहे." एवढंच. तिने विचारलं, "कुठे वर, नाना?" ते पुन्हा पाळ्यांकडे वळले.

दहाव्याला पाताळगंगेच्या काठी पानावर पिंड ठेवला तेव्हा समोरच्या उंबरावर कावळे होते, पण खाली एकही येईना. भाऊ अनुपम म्हणाला, "आईला मी सांभाळीन, नाना." काका म्हणाले, "घराचं सगळं तुझ्या मनासारखं होईल." कावळे मान वाकडी करून बघत होते. ऊन चढलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि पिंडाला लावायला दर्भाचा कावळा वळायला घेतला. ऋजुताचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दर्भाचा कावळा तिला बघवेना. ती पुढे झाली, हात जोडले आणि हळूच म्हणाली, "नाना, मी दीपगृहावर जाऊन येईन." का म्हणाली, तिला कळलं नाही. वारा, वर, एवढंच डोक्यात होतं. हात खाली घेण्याच्या आत कावळा उतरला.

"लेकीपाशी अडकले होते बघा," मागून कुणीतरी म्हणालं.

तेव्हापासून ते वाक्य तिच्याबरोबर होतं. विश्वास नव्हता, पण कावळा आला होता. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. तिने यायचं ठरवलं तेव्हा आई म्हणाली, "मीही येते." गुडघ्यांचं काय, असं विचारल्यावर आई फक्त बॅग भरू लागली.

ओटीवर चहा आला. बरोबर पोह्यांचे पापड आणि ओल्या नारळाच्या कातळ्या. इंदूबाई खाली पाय पसरून बसल्या.

"बाय, तू शिकवतेस ना अजून? पोरं ऐकतात का?"

"ऐकल्यासारखं करतात."

"तू पण तेच करायचीस. उन्हात जाऊ नको म्हटलं की हो म्हणायचीस नि मागच्या दारानं समुद्रावर."

द्वारकाबाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या, हे ऋजुताच्या लक्षात आलं.

"आज वर जायचं आहे," ऋजुता म्हणाली. "दीपगृहावर. नानांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं ना, तसं आता कुणी नेणार नाही, पण मी जाईन."

इंदूबाईंचा कप तोंडाशी थांबला. "कुणी नेलं होतं?"

"नानांनी."

"नाना? अगं बाय, नाना कदी चढलं त्यावर? त्यांना चक्कर यायची. एकदा गेलं होतं चार पायऱ्या, आमच्या मालकांनी धरून खाली आणलं. तोंड पांढरं फटक. त्या टायमाला आमी किती हसलो होतो. इतक्या मोठ्या वीजघरात काम करणारा माणूस, नि जिन्याला भितो."

"मला स्पष्ट आठवतं," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज वर्गात येतो तसा आला. "लोखंडी जिना होता. मी त्यांच्या खांद्यावर होते. पायाखालचं सगळं थरथरत होतं. गरम तेलाचा वास होता. आणि वर तो दिवा फिरत होता, त्याचं पितळ चकचकत होतं. कठड्याला झेंडूची माळ होती. मी त्यातलं एक फूल तोडून नानांच्या डोक्यावर ठेवलं होतं."

"लाईटहाऊसला झेंडू?" इंदूबाईंनी द्वारकाबाईंकडे पाहिलं. "इथं कोण लावतंय झेंडू? खारा वारा नि झेंडू, दुपारपर्यंत काळा पडेल."

ऋजुताही आईकडे वळली. द्वारकाबाई नारळाची कातळी दोन बोटांत धरून त्या फोडीकडेच बघत होत्या, जणू तिच्यावर काही लिहिलं होतं.

"ते दसऱ्याचे दिवस होते," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची. घरच्यांना आत सोडायचे. नानांनी तुला खांद्यावर घेऊन सगळं वीजघर दाखवलं होतं. फिरत होतं ते जनित्र. थरथर त्याचीच. त्याच वर्षी मे महिन्यात आपण इथे आलो होतो. तू लहान होतीस, ऋजू. तुझ्या डोक्यात दोन्ही एक झालं."

"मग इथे वर कुणी नेलं मला?"

"कोण नेणार? वैनी," इंदूबाई म्हणाल्या. "दरवर्षी वैनीच न्यायच्या. तुला कडेवर, अनुपमला हाताला धरून. नाना खाली कट्ट्यावर मधोमध बसायचे, सगळ्यांच्या चपला सांभाळत. वर चपला नेऊ देत नाय ना."

बाहेर कोंबडी अळवाखाली उकरत होती.

"आई, मी हे घरी शेकडो वेळा सांगितलं असेल. अजेयला, आमच्या पोरीला. नानांसमोर. तुझ्यासमोर. तू एकदाही काही बोलली नाहीस."

"पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा नाना म्हणाले होते, नाही गं, मी नव्हतो. तू रडायला लागलीस. मग ते म्हणाले, हो, हो, मीच होतो." द्वारकाबाईंनी कातळी बशीत ठेवली. "पुढे पुढे तेच सांगायला लागले. वरून मुंबईची जहाजं दिसली म्हणून सांगायचे. माझी टोपी उडाली म्हणायचे. मी तरी काय बोलणार? मला मजा वाटायची ऐकायला."

ऋजुता उठून ओटीच्या कडेला गेली. एका माणसाला तिने जन्मभर जिथे नेऊन उभं केलं होतं तिथे तो कधी गेलाच नव्हता. मग तिने नदीकाठी शब्द दिला होता कुणाला? आणि कावळा आला होता कशाला? तिने खांबाला हात टेकवला. लाकूड खाऱ्या हवेने खरखरीत झालं होतं.

"मग मी वर जाऊन काय करू?" तिने विचारलं, आईला, की इंदूबाईंना, की कुणालाच नाही.

"चार वाजता उघडतात," द्वारकाबाई म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात रोवून उठल्या. "चल."

टेकडीची वाट पूर्वीसारखीच होती, फक्त आता तिच्यावर सिमेंट होतं. द्वारकाबाई दर वळणाला थांबत. ऋजुता प्रत्येक वेळी म्हणे, "परत जाऊया." त्या श्वास जमवत आणि पुढे निघत. खाली सुरूचं बन, त्यापलीकडे ओहोटीने उघडा पडलेला काळा खडक. वारा कानांत भरत होता.

शेवटच्या वळणावर द्वारकाबाई म्हणाल्या, "त्या दिवशी नदीवर मीही काही बोलले होते."

"कधी?"

"तू बोललीस तेव्हाच. तुझं तोंड पिंडाकडे होतं."

"काय बोललीस?"

"ते त्यांना सांगितलं."

"आई, म्हणजे कावळा कुणाच्या—"

"मला काय माहीत," द्वारकाबाई म्हणाल्या. "कावळ्याला विचार." आणि पदर कमरेला खोचून चालू लागल्या.

दीपगृहाच्या पायथ्याशी दगडी कट्टा होता. दाराशी खाकी शर्टातला एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. तो ऋजुताच्या पायांकडे बघून म्हणाला, "चपला इथं काढा, मॅडम. आणि आजींना राहू दे खाली. जिना उभा हाय."

"आजीच चाललीय," द्वारकाबाई म्हणाल्या.

त्यांनी दाराची चौकट धरून एक चप्पल काढली, मग दुसरी. ऋजुता वाकली. तिने आपल्या सँडलचा पट्टा सोडवायला हात घातला. समोर आईच्या चपला होत्या, एक सरळ, एक आडवी पडलेली. ती तशीच वाकून राहिली.

वर वारा फार असेल. सांभाळून.

तिने पट्टा परत लावला. आडवी पडलेली चप्पल उचलून तिने सरळ केली, दोन्ही जवळजवळ ठेवल्या.

"तू जा, आई," ती म्हणाली. "चपला राहू देत इथंच. मी आहे."

द्वारकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आणि तुझा शब्द?"

ऋजुताने कट्ट्याकडे बोट केलं. द्वारकाबाईंनी मान हलवली, होकाराची की नुसतीच, हे कळलं नाही, आणि त्या आत गेल्या. खाकी शर्टवाला उठून त्यांच्या मागोमाग गेला.

ऋजुता कट्ट्यावर बसली. आतून पावलांचा आवाज येत होता. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. मग आवाज बारीक झाला. भिंतीतल्या अरुंद खिडकीत काही हललं असं वाटलं, पण ते पाखरू होतं. मग आवाज येईनासाच झाला. गुडघा लचकला असेल तर? चक्कर आली असेल तर? ती उठली, दारापर्यंत गेली, आत अंधारात वर बघितलं आणि परत येऊन बसली. चपलांना हात लावून बघितला. त्या अजून ऊबदार होत्या. दरवर्षी नाना इथे बसले होते, दोन पोरं आणि बायको वर, आणि जिन्यात आवाज बंद झालेला. मग घरी परतल्यावर जहाजं दिसली म्हणून सांगणारे नाना.

बऱ्याच वेळाने वरच्या गॅलरीत पांढऱ्या साडीचा पदर फडफडला. मग आई दिसली, कठडा दोन्ही हातांनी धरलेली, समुद्राकडे पाठ केलेली. ती समुद्र बघायला वर गेलीच नव्हती. तिने एक हात सोडला, पदराचं टोक त्यात धरलं आणि हलवलं.

ऋजुतानेही हात वर केला. मग तिच्या लक्षात आलं की आईची नजर तिच्यावर नव्हती. किंचित बाजूला होती; कट्ट्याच्या मधोमध, जिथे ती येऊन बसली होती त्याच्या जरा अलीकडे.

तिने हात खाली घेतला. आईच्या चपला उचलून मांडीवर घेतल्या आणि ती कट्ट्यावर कडेला थोडी सरकून बसली.